गळ्यातली गाठ सगळ्यांनी पाहिली होती

तुमचा आजार खरा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी हसले. उजव्या हाताला प्लास्टर, समोर हाडांचे डॉक्टर, शेजारच्या खुर्चीत माझे मिस्टर, आणि मी हसत होते. डॉक्टर बावचळले.

"मॅडम, मी गंभीरपणे सांगतोय. तुमच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. हाडांमधून निघून रक्तात उतरतंय. हे उगाच होत नाही, याला काहीतरी कारण असणार."

"कारण असणार ना? नक्की?"

"नक्की. ते शोधावं लागेल."

मी मिस्टरांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होते.

मला काय झालं होतं ते आता लिहिते आहे. ज्यांना अजून नाव नसलेलं काहीतरी झालंय आणि ज्यांच्यावर घरात कुणाचा विश्वास नाही, त्यांच्या हाती हे पडावं एवढीच इच्छा आहे. धीर देण्यासाठी गोड गोड लिहायला मला जमणार नाही. माझ्यात तेवढा गोडवा उरलेला नाही.

पीटीच्या मॅडम

मी नाशिक रोडच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. माहेर देवळ्याचं. घरी कांद्याची शेती, आणि मी शेताच्या कडेला अनवाणी पळत मोठी झाले. खो-खोने मला नोकरी दिली, शहर दिलं, ओळख दिली. जिल्ह्याच्या संघात होते तेव्हा मला पकडायला समोरच्या मुली दमून जायच्या. लग्नानंतर, मुलगी झाल्यावरसुद्धा मैदान सुटलं नाही. सकाळी शाळेच्या मुलींसोबत मीही पळायचे.

मग हळूहळू अंग दुखायला लागलं. एखादा सांधा दुखतो तसं नाही. हाडं आतून दुखायची. नडग्या, बरगड्या, टाचा. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. तहान इतकी लागायची की वर्गावर बाटली घेऊन जायचे, आणि मग सारखी बाथरूमला पळायचे. पोट साफ होत नव्हतं. भूक मेली होती. आणि सगळ्यात भीती वाटायची ती डोक्याची. ज्या मुलींना मी पाचवीपासून शिकवत होते त्यांची नावं आठवायची नाहीत. शिट्टी वाजवायचे आणि पुढे काय सांगायचं होतं तेच विसरायचे. मुली थांबून माझ्याकडे बघत राहायच्या.

आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी माझं वय विचारलं आणि तिथेच त्यांचं निदान झालं. "पाळी जायच्या वयात होतं असं. कॅल्शियमच्या गोळ्या देतो, रोज घ्या." मी इमानदारीने घेतल्या. ज्या बाईच्या रक्तात आधीच कॅल्शियमचा पूर आला होता ती वरून आणखी ओतत होती.

मधे दोनदा मुतखडा झाला. त्या डॉक्टरांनी खडा काढला आणि पाणी भरपूर प्या म्हणाले. मी आधीच मडकं रिकामं करत होते. हाडं दुखतात असं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, ते माझ्याकडे येत नाही. खडा एकाकडे, हाडं दुसऱ्याकडे, पोट तिसऱ्याकडे. हे सगळं एकाच बाईचं आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. आज मला कळतं की यातल्या कुठल्याही टप्प्यावर कुणी एक साधी रक्ततपासणी करून घेतली असती, तर पुढचं बरंच काही टळलं असतं. कुणी घेतली नाही.

घरात

माझे मिस्टर, प्रकाश, सरकारी खात्यात अभियंता आहेत. दारू नाही, मारहाण नाही, पगार घरात. लोकांच्या हिशेबी मी नशीबवान. पण माझं दुखणं त्यांना आवडत नव्हतं. घरातला एखादा नळ सारखा गळतो तेव्हा माणूस जसा वैतागतो, तसे ते माझ्यावर वैतागायचे.

"आज काय दुखतंय?" संध्याकाळी बूट काढताना विचारायचे. ऐकायला चौकशी वाटेल. चौकशी नव्हती.

मुलगी सई तेव्हा अकरावी-बारावीला. ती एकदा म्हणाली, "आई, तुझ्या पिढीला ना, कुणी लक्ष दिलं नाही की दुखायला लागतं." इंटरनेटवर वाचलं असेल. मी ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होते, मनगट ठणकत होतं, आणि मला वाटलं, खरंच असेल का? आपणच हे सगळं रचतोय का? आजारापेक्षा हे वाईट. आपल्याच शरीराची साक्ष आपल्याला खोटी वाटायला लागते.

शेवटी मला रडू आवरेना. कारण नसताना रडायचे. भाजी चिरताना, रिक्षात, शाळेच्या प्रार्थनेत. तेव्हा मिस्टर मला मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या डॉक्टरांत ते पहिले होते ज्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रक्ताच्या तपासण्या केल्यात का? थायरॉइड, कॅल्शियम वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत मिस्टर म्हणाले, "हो हो, सगळं नॉर्मल आहे."

काहीही केलेलं नव्हतं. ते मुद्दाम खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. सगळं नॉर्मलच असणार याची त्यांना इतकी खात्री होती की तपासायची गरजच वाटली नव्हती. आणि मी? मी गप्प बसले. डोक्यात धुकं होतं, वाटलं केल्या असतील, मीच विसरले असेन.

गोळ्या सुरू झाल्या. रडणं थोडं कमी झालं. हाडं तशीच दुखत राहिली, पण आता ती दुखतात असं बोलायचीही सोय राहिली नाही. काही बोलले की मिस्टर विचारायचे, "गोळी घेतलीस का?"

मनगट

मैदानावर मी नव्या मुलींना खांब धरून वळायला शिकवत होते. पळत यायचं, हात खांबाला लावायचा आणि अंग झोकून वळायचं. आयुष्यात हजारो वेळा केलं असेल. हात लावला, वळले, आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. पडलेसुद्धा नाही. उभीच होते.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा हात वाकडा झालाय."

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. मग विचारलं, "पडलात कशा?" मी म्हटलं, पडले नाही. त्यांनी मला पुन्हा विचारलं. मग रक्त तपासायला सांगितलं. पुढचं वर आलंच आहे, मी हसले तो दिवस.

त्या दिवशी घरी येताना गाडीत मिस्टर म्हणाले, "बघू. रिपोर्ट चुकतातही." 

चार दाणे

आणखी तपासण्या झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, फुलपाखरासारखी. तिच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार छोट्या ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. नाव मिळतंजुळतं असलं तरी काम वेगळं. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते या चौघी ठरवतात. त्यातल्या एखादीवर गाठ आली की ती वेड्यासारखं हार्मोन सोडते आणि कॅल्शियम हाडांतून उपसून रक्तात आणते. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. गाठ शोधायची, काढायची, माणूस बरा. ऐकायला किती सोपं.

शहरातल्या एका नावाजलेल्या सर्जनकडे आम्हाला पाठवलं. गळ्याची सोनोग्राफी झाली. थायरॉइडच्या उजव्या बाजूला, तिच्या आतच, एक गाठ दिसली. सुई घालून तपासली, तर थायरॉइडच्याच पेशी वाटतात, कॅन्सर दिसत नाही, असं आलं. दुसरा एक स्कॅन केला. त्यातही उजव्या बाजूलाच जरा चमक होती, पण ती त्या थायरॉइडच्या गाठीमुळे असणार, असं ठरलं.

मी सर्जनना विचारलं होतं. हे मला पक्कं आठवतं, कारण त्या काळात मला फार थोडं आठवतं आणि हे आठवतं. मी विचारलं, "डॉक्टर, ही जी गाठ दिसतेय, तीच ती नसेल ना?"

ते हसले. वाईट हसले नाहीत, शिक्षक हसतात तसे हसले. "मॅडम, पॅराथायरॉइड थायरॉइडच्या मागे असते. आत नसते. ही थायरॉइडची साधी गाठ आहे, कितीतरी बायकांना असते. तिचा विचार सोडा."

मिस्टर म्हणाले, "त्यांना त्यांचं काम करू दे ना."

मी विचार सोडला.

पहिलं ऑपरेशन

हॉस्पिटलच्या दिनक्रमाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पहाटे पहाटे दिवे लागतात, कुणीतरी येऊन ताप मोजतं, कुणीतरी दंडाला पट्टा बांधतं, चहा येतो आणि तो तुमच्यासाठी नसतो, कारण तुम्हाला उपाशी राहायचंय. हिरवा झगा मागून उघडा. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी काढून एका पाकिटात घालून नातेवाइकांच्या हातात द्यायची. मी नर्सला पाकीट सईकडे द्यायला सांगितलं. मिस्टरांनी हात पुढे केला होता, पण मी सईचंच नाव घेतलं.

भूल उतरली तेव्हा गळ्याला चिकटपट्टी होती आणि घशात वाळू भरल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी सर्जन आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. जवळ आले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं.

"दोन्ही बाजू नीट पाहिल्या. तीन ग्रंथी मिळाल्या, तिन्ही अगदी निरोगी. चौथी मिळाली नाही."

मिस्टरांनी विचारलं, "मिळाली नाही म्हणजे?"

"कधीकधी ती जागेवर नसते. छातीत उतरलेली असते. किंवा वर जबड्याखाली. आपण आणखी स्कॅन करू."

"आणि ती गाठ?" मी कुजबुजले. आवाज फुटत नव्हता.

"तिला हात लावलेला नाही. तिची गरज नव्हती."

गळा चिरला होता. चिरून, आत बघून, पुन्हा शिवला होता. आणि जी गोष्ट शोधायला आत गेले होते तिच्या अंगावरून त्यांची बोटं फिरली असणार. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच कळलं की माझं कॅल्शियम तसंच आहे.

पुढचे काही महिने माझ्या छातीत शोध चालला. या यंत्रात, त्या यंत्रात. काही सापडलं नाही. घरात आता वेगळंच वातावरण झालं. पूर्वी मी नाटक करते असं होतं, आता मी कंटाळवाणी झाले होते. मिस्टर एकदा जेवताना म्हणाले, "आता पुरे कर. कॅल्शियम जास्त असलं म्हणून काही माणसं मरत नाहीत. पाणी पी, गोळ्या घे, राहा. सारखं सारखं चिरून घ्यायची हौस आहे का तुला?"

सई ताटाकडे बघत जेवत राहिली. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल.

बापू

माझा धाकटा भाऊ बापू देवळ्याहून भेटायला आला. दारातच थांबला. मला बघून त्याने चप्पलसुद्धा काढली नाही.

"ताई, काय झालं हे? लय वाळली तू."

"ऑपरेशन झालं ना."

"ऑपरेशन झाल्यावर माणूस बरं होतं. तू तं आणखी गळाली. दाजी, पुढं काय ठरलंय?"

मिस्टर म्हणाले, "डॉक्टर बघतायत. थोडं थांबायचं."

"थांबायचं कशासाठी?"

 बापू चहा न घेता बाहेर गेला आणि अंगणात उभा राहून फोन करत राहिला. त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची बायको थायरॉइडसाठी गंगापूर रोडला एका हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडे जात होती. त्याने स्वतःच वेळ घेतली आणि ठरलेल्या दिवशी गाडी घेऊन आला. मिस्टरांना ऑफिसमध्ये मीटिंग होती.

त्या डॉक्टरबाई प्रेमळ वगैरे नव्हत्या. घाईत होत्या, बोलता बोलता डब्यातली पोळी खात होत्या, आणि मी मधेच रडले तेव्हा नुसता टिश्यूचा डबा पुढे सरकवला. पण त्यांनी सोनोग्राफीच्या तज्ज्ञांना फोन लावला, मला त्यांच्याकडे नेऊन पुन्हा सोनोग्राफी करून घेतली, आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. पडद्यावर ती काळपट गाठ दिसली.

"ही कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. थायरॉइडची आहे म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"सगळेच."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "तीन मिळाल्या, चौथी कुठेच नाही. छातीत नाही, जबड्याखाली नाही. आणि ही इथे बसलीये." मग माझ्याकडे वळल्या. "फार क्वचित, मूल पोटात वाढत असताना ही ग्रंथी थायरॉइडच्या आतच अडकून जाते. मग बाहेरून कितीही शोधलं तरी सापडत नाही. आणि सुई घातली तर पेशी इतक्या सारख्या दिसतात की गफलत होते. सहसा मी अशा गाठीत सुई घालायला सांगत नाही, पण तुमच्या बाबतीत सांगते. पेशी बघायच्या नाहीत. सुई सलाइनने धुवायची आणि त्या पाण्यात ते हार्मोन आहे का ते मोजायचं."

"मी विचारलं होतं," मी म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी मी विचारलं होतं, हीच ती नाही ना."

त्यांनी चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहून ती माझ्या हातात दिली.  डॉक्टर डॉक्टरांविरुद्ध बोलत नाहीत, हे मला तोवर समजलं होतं.

रिपोर्ट आला. त्या पाण्यात हार्मोन ठासून भरलेलं होतं. डॉक्टरबाईंना खरोखर आनंद झाला होता. त्यांनी त्यांच्याकडच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना आत बोलावलं. "ही बघा, थायरॉइडच्या आतली पॅराथायरॉइड. पुस्तकात वाचलीत ना?" त्या दोघांनी माझ्या गळ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी जणू जत्रेतलं दोन डोक्यांचं वासरू.

बापू बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस ती गळ्यातच होती?"

"गळ्यातच होती."

"आन् सगळ्यांना दिसत होती?"

मी मान हलवली. त्याने तोंड फिरवलं आणि एक शिवी हासडली. मला फार बरं वाटलं. तेव्हापर्यंत माझ्यासाठी कुणी शिवी दिली नव्हती.

दुसरं ऑपरेशन

या वेळी सर्जन वेगळे होते. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. एकदा उघडलेल्या गळ्यात पुन्हा जाणं अवघड असतं, आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. आवाजाची नस तिथूनच जाते. तिला धक्का लागू शकतो. पहिल्या वेळीच ही गाठ काढली असती तर धोका फार कमी असता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आता त्याचा उपयोग नाही." म्हणजे हो.

थायरॉइडची उजवी बाजू गाठीसकट काढली. ऑपरेशन चालू असतानाच रक्त तपासलं, हार्मोन धाडकन खाली आलं होतं. गाठ चिकूच्या बीएवढी होती म्हणे.

वॉर्डात शेजारच्या पलंगावर मालेगावच्या रेहानाभाभी होत्या. पूर्ण थायरॉइड काढलेलं. नवरा यंत्रमागावर कामाला. दोघींच्या गळ्याला पट्ट्या, दोघींना बोलायला बंदी. मी काही बोलायला गेले की त्या बोट वर करायच्या. "मॅडम, बोलू नका. डॉक्टरने मना केलंय ना," असं स्वतःच कुजबुजायच्या. मग आम्ही दोघी आवाज न करता हसायचो आणि हसताना टाके ओढायचे. माझ्या ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा त्यांनीच घंटी वाजवून नर्सला बोलावलं. हाडं इतके दिवस उपाशी होती, आता मिळेल तेवढं कॅल्शियम ओढून घेत होती. मला आता खरंच कॅल्शियम लागत होतं. शिरेतून, गोळ्यांतून, भरभरून.

घरी जाताना भाभींनी माझ्या कपाळावर हात ठेवला. त्यानंतर आमची भेट नाही. त्या वॉर्डात मला जी माया मिळाली ती एका अनोळखी बाईकडून, हे मी विसरत नाही.

डोकं स्वच्छ झालं

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मी जागी झाले आणि काहीतरी वेगळं होतं. बराच वेळ कळेना काय. मग लक्षात आलं, डोकं शांत होतं. खिडकीबाहेर झाड होतं आणि ते मला झाडासारखं दिसत होतं. मी मनातल्या मनात सातवी ब-ची हजेरी घेतली. सगळी नावं आली, क्रमाने. भूक लागली. मी उपमा मागून घेतला आणि पुन्हा मागितला.

त्या आनंदाबद्दल लिहावं, असं वाटतं खरं. पण खरं सांगायचं तर तो आनंद दुपारपर्यंतच टिकला. डोकं स्वच्छ झाल्यावर सगळ्यात आधी मला राग आला. धुक्यात असताना जे अर्धवट दिसायचं ते आता सरळ दिसत होतं. मानसोपचार तज्ज्ञांसमोर "सगळं नॉर्मल आहे" असं कोण म्हणालं होतं. "हौस आहे का तुला" असं कोण म्हणालं होतं. मी काय विचारलं होतं आणि कोण हसलं होतं.

सई भेटायला आली आणि पलंगाशी बसून रडली. "आई, मी तुला काय काय बोलले गं." तिच्या पाठीवर हात फिरवायला हवा होता. माझा हात उठला नाही. मी म्हटलं, "बोललीस खरी." ती आणखी रडली. नंतर आमचं बरंच सुरळीत झालं. ती आता माझ्या तपासण्यांच्या तारखा स्वतः लक्षात ठेवते. पण त्या दिवशी मी तिला माफ केलं असं खोटं लिहिणार नाही.

पहिल्या सर्जनकडे मी मुद्दाम गेले. एकटी. आवाज घोगरा झाला होता. नस ताणली गेली, येईल हळूहळू, किंवा नाही येणार, असं नव्या सर्जननी सांगितलं होतं. पहिल्या सर्जननी रिपोर्ट वाचला.

"फार दुर्मिळ आहे मॅडम. शेकडो ऑपरेशनं केली तरी दिसत नाही असं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"पेशंट बरंच काही विचारतात," ते म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. जरा थांबून म्हणाले, "पण तुम्ही बऱ्या झालात ना? ते महत्त्वाचं."

दुर्मिळ आहे, हे मला मान्य आहे. मला कुणाला कोर्टात खेचायचं नाही. फक्त एवढंच ऐकायचं होतं, की हो, तुम्ही विचारलं होतं. ते वाक्य मला मिळालं नाही.

मिस्टरांकडून मिळेल अशी आशा नव्हतीच. पण एका भाच्याच्या साखरपुड्यात ते नातेवाइकांच्या घोळक्यात सांगत होते, "फार अवघड केस होती. पण आम्ही सोडलं नाही. शेवटपर्यंत पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे निदान झालं." सगळे माना डोलावत होते. कुणीतरी म्हणालं, "नशीबवान आहेस बाई, असा नवरा मिळाला."

मी माझ्या फाटक्या आवाजात म्हणाले, "हे मला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. गाठीचं निदान झालं त्या दिवशी बापू होता बरोबर."

 मग कुणीतरी जिलबीचं ताट पुढे केलं.

परत येताना गाडीत मिस्टर म्हणाले, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"घरात बोलत होते तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत."

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. आम्ही एकत्र राहतो. मी सोडून का गेले नाही, असं एक मैत्रीण विचारते. मला नीट उत्तर देता येत नाही. इतकी वर्षं झाली, मुलगी आहे, आणि ते वाईट नाहीत. पण मला काही दुखलं तर आता मी त्यांना सांगत नाही. स्वतः रिक्षा करते आणि जाते.

आता

हाडं सुधारतायत, हळू. हाताने जड उचलायला बंदी आहे. आवाज थोडा आला, पूर्ण नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझी हाक पोचत नाही, म्हणून शाळेने मला बहुतेक वेळ ऑफिसात बसवलंय. खिडकीतून मुलींचा आरडाओरडा ऐकू येतो. नव्या मॅडम चांगल्या आहेत. तरी मी ती खिडकी बंद करून बसते.

ज्यांना हे वाचून काही घ्यायचं असेल त्यांनी एवढंच घ्यावं. हाडं, खडे, पोट आणि मन एकाच वेळी बिघडलं असेल तर कुणालातरी कॅल्शियम तपासायला सांगा. आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर डॉक्टर हसले, तर तोच प्रश्न दुसऱ्या डॉक्टरांना जाऊन विचारा.

परवा शाळेत एका गृहस्थांचा फोन आला. नामपूरचे. माझ्या एका सहकाऱ्याने त्यांना नंबर दिला होता.

"मॅडम, मिसेसबद्दल विचारायचं होतं. तिचं सारखं काहीतरी चालूच असतं. आज कंबर, उद्या पाय. मागं मुतखडा झाला. आता नुसती रडत बसते. डॉक्टर म्हणतात टेन्शन हाय. मला पण तसंच वाटतं, पण तुमचं ऐकलं म्हणून म्हटलं..."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"त्या जवळ आहेत का?"

"हाय ना, इथंच हाय. पण तिला नीट सांगता नाय येत. मीच सांगतो तुम्हाला सगळं."

"फोन त्यांच्याकडे द्या."

"अहो पण ती..."

"त्यांच्याकडे द्या."

फोन हातातून हातात गेल्याचं कळलं.  पलीकडून नुसता श्वास येत होता. मी थांबले. शिपाई काहीतरी विचारायला दारात आला, त्याला हातानेच परत पाठवलं.

मग ती हळूच म्हणाली, "लय दुखतं हो मॅडम."

"दुखत असणार," मी म्हटलं. "सांगा."